सुताराचा ताल

इव्हरेआत, पुलाजवळच्या थिएटरात मी पियानो वाजवायचे.
तोंड पडद्याकडे, पाठ लोकांकडे.
रात्रीचे तीन खेळ मिळून दोन लीरा,
आणि हिवाळ्यात पायांशी निखाऱ्यांचा डबा.

त्या आठवड्यात एका नर्तकीची फिल्म आली होती,
अकरा मिनिटांची. तेवढ्यात तिचं प्रेम जमायचं,
मोडायचं, आणि स्टेशनवर पुन्हा जमायचं.
नायकाच्या डोळ्यांत एवढं काजळ
की रडला की गालांवर दोन काळे ओघळ.
तरी लोक हसायचे नाहीत.

पाचव्या मिनिटाला ती टेबलावर चढून नाचे.
मी वॉल्ट्झ धरायचे; तिचे पाय ऐकायचे नाहीत.
बात्तिस्ताला भूक लागली की तो यंत्राचा दांडा भरभर फिरवी,
ती बिचारी धापा टाकत गरगरे;
तो जेवून आला की ती पाण्यातून चालल्यासारखी.
पोल्का करून पाहिली, मार्च वाजवला,
गुरुवारी तर चिडून चर्चमधलं एक भजन.
सम काही सापडेना.

शनिवारी, शेवटच्या खेळाला,
मागच्या रांगेत कुणीतरी खुर्चीच्या पाठीवर
बोटांनी ठोकू लागलं.
दोन, तीन. दोन, तीन. मग एक रिकामी जागा.
हा कसला नाच, मला वाटलं, ही तर सुतारकी!
तरी डाव्या हाताने ती ठोक उचलली
आणि टेबलावरच्या त्या पांढऱ्याफटक मुलीची टाच
नेमकी माझ्या सुरावर पडली.

दिवे लागले तेव्हा ती दारात होती, टोपी घालत.
पडद्यावरच्यापेक्षा बुटकी. नाक सर्दीने लाल.
म्हणाली, "स्टुडिओत वाद्य कुठलं?
शेजारी दुसऱ्या कुणाच्या महालाच्या भिंती ठोकत होते,
त्यावरच नाचले.
मधेच सुतार खिळा शोधायचा,
तेवढाच मला श्वास."

नाव विचारायचं राहून गेलं.
पोस्टरवर होतं, पण ते कंपनीनं ठेवलेलं.
रविवारी फिल्मचा डबा आओस्ताला गेला.
तिथे कोण वाजवणार, आणि काय, देव जाणे.

आता बोलपट आले. माझ्या पियानोवर
तिकिटांची पेटी ठेवतात.
कुठे घर बांधत असले की मी उगाच थांबते.
दोन, तीन. दोन, तीन.
मग तो खिळा शोधतो,
आणि मी टाच
उचलून धरते.