डावा कान

अल्बमचं नाव सांगणार नाही.
सांगितलं तर तुम्ही शोधाल,
पहिलं गाणं अर्धं ऐकाल आणि म्हणाल,
आवाज जरा लांबून येतोय, नाही?

लांबूनच येतो.
पलीकडच्या खोलीत कुणी तापात बोलावं
आणि आपण भिंतीला कान लावावा:
शब्द कळत नाहीत, पण माणूस कुठल्या कुशीवर आहे
ते कळतं.

कॅसेट वानफ्रांगची. शिलाँगच्या मावसभावाने भरून पाठवलेली,
निळ्या बॉलपेनातली अक्षरं घामाने फुटलेली.
त्याचे वडील कस्टममध्ये, माझे टपाल खात्यात.
अँटॉप हिल, सेक्टर सात,
सगळ्या इमारती रंगाच्या एकाच पिवळ्या डब्यातून काढलेल्या.
गच्चीवर मधल्या टाकीला टेकून बसायचो.
टाकी गळायची, उठताना पाठ ओली.
समोर वडाळ्याची मिठागरं,
दुपारी चारला इतकी पांढरी
की त्यांच्याकडे बघणं पुढे ढकलावं लागे.

वॉकमन एक, वायर आखूड.
मी त्याच्या उजवीला बसायचे,
म्हणून माझ्या वाट्याला डावा कान आला.

डावीकडे एक गिटार होती. ती वाजत नसे, पसरे,
इस्त्रीखालच्या ओल्या सुती कपड्यातून वाफ निघावी तशी.
ड्रम फार मागे,
कुणी जिन्यावरून एकट्याने गादी उतरवतंय असे.
आणि ती बाई.
ती गाण्यात शिरायचीच नाही,
उंबऱ्यावर उभी राहून आत बघत गायची.
चौथ्या गाण्यात दोन मिनिटं काहीच होत नाही.
एकच सूर, धुऊन धुऊन रंग उडत जाणारा.
आणि मी, जिला भूगोलाच्या तासाला दोन मिनिटं बसवत नसे,
त्या सुरात राहायला गेले असते, भाड्याने.

तिसऱ्या गाण्यात ती म्हणायची, ऊन.
इंग्रजी गाणं, मान्य. तरी म्हणायची. ऊन.
वानफ्रांग म्हणे, छे, उम. आमच्या खासीत उम म्हणजे पाणी.
यावरून आम्ही चार दिवस बोललो नाही.

शेवटच्या गाण्यात एका ठिकाणी तो हसायचा.
ठरलेल्या जागी, दर वेळी, गुडघ्याकडे बघत.
माझ्या बाजूला तेव्हा काहीच नसे,
नुसती टेपची खसखस.
मला वाटे, तिकडची कुणीतरी आठवते.
नावसुद्धा ठेवलं होतं मी तिचं.
तेही सांगणार नाही.

मग बदली. ट्रंका, सुतळी, टेम्पोवाल्याशी हुज्जत.
कॅसेट दुधाच्या पिशवीत घालून
आमच्या दाराच्या कडीला अडकवलेली.
घरच्या टेपरेकॉर्डरचा दोनातला एकच स्पीकर चालायचा.
डावाच.

परवा, एकोणपन्नासाव्या वर्षी,
पहिल्यांदा स्वतःसाठी हेडफोन घेतले,
गुबगुबीत, दोन्ही कान झाकणारे.
अकरा वाजून गेलेले, ओट्यावर मटार सोलायचे राहिलेले.
लावला तोच अल्बम.
आणि शेवटच्या गाण्यात, त्या जागी,
उजवीकडे खुर्ची करकरली,
कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं, चमचा असेल,
आणि ती बाई, इतकी वर्षं उंबऱ्यावर उभी असलेली,
फसकन हसली.

एवढंच होतं.
एवढ्यासाठी मी शिलाँगमधल्या
नसलेल्या एका मुलीचा
तेहेतीस वर्षं राग केला.

मटार राहिले तसेच.
डावा कान उघडा टाकला.
तिथे फ्रिजची घरघर, खाली कुणीतरी स्कूटर लावतंय.
अल्बम पहिल्यापासून लावला, नुसता उजवीकडून.
अर्धाच. त्याचा.
तिसऱ्या गाण्याला उठून उभी राहिले.

ऊन म्हणत नव्हती ती.