सोमवारची माणसं

शिरोलीच्या फौंड्रीला सुट्टी सोमवारी,
आणि सोमवारी आमचं कोल्हापूर
अर्धं शटर ओढून पडलेलं असतं.
टाऊन हॉलचं म्युझियमसुद्धा बंद.
ते आमच्या पथ्यावरच पडतं :
बंद दाराला तिकीट नसतं.

पोरांची शाळा सुटली की निघतो चौघं
उत्तरेश्वर पेठेतून, चालत.
वैजूच्या पिशवीत दोन बाटल्या पाणी,
चटणी-चपातीच्या सुरळ्या,
डब्यात घरचे चुरमुरे, चिरलेला कांदा.
रंकाळ्यावरचा एक भेळवाला
नुसतं चिंचेचं पाणी दहा रुपयांत देतो,
हा शोध तिचा.
माझ्या खिशात दीडशे. त्यांना हात लावायचा
तो अगदी शेवटी.

बागेतल्या तोफेवर धैर्यशील चढतो.
नाव केवढं, जीव केवढा.
वय वर्षं सहा, चड्डी मोठ्या मामेभावाची.
तोंडानंच धडाम् करतो,
झाडावरची वटवाघळं ढिम्म हलत नाहीत.
मग म्युझियमच्या दाराच्या फटीला डोळा लावतो.
"बाबा, आत काय हाय?"
मी कधी आत गेलेलो नाही.
पण बापाला माहीत नाही, असं कसं म्हणायचं?
"हत्ती हाय," म्हटलं. "पितळेचा.
माणसं गेली की सोंड हलवतो,
आणि पहाटे पंचगंगेवर आंघोळीला जातो,
म्हणून तर घाटाच्या पायऱ्या झिजल्यात."
वैजूनं तोंडाला पदर लावला.
तेजल नऊ वर्षांची, तिला हिशेब लागतो.
"पितळेचा हाय तर बुडत कसा न्हाई?"
"पोकळ हाय," म्हटलं. "कास्टिंग पोकळच असतंय,
मधे वाळूचा कोअर घालावा लागतो."
एवढं मात्र मी खरं सांगितलं.

रंकाळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलो.
संध्यामठाच्या बाजूला पाणी तांबूस झालेलं.
घोडेवाला आला. कपाळाला गोंडा, पायात घुंगरू.
मी अजून किंमत विचारली नव्हती,
तोवर तेजल म्हणाली,
"मला नको. घोड्याचा वास येतोय."
घोडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला होता.
वास येणं शक्यच नव्हतं.

ती कधी शिकली हे?
पाढे मी घेतले तिचे, सतरापर्यंत.
हे कुणी शिकवलं?
वैजू चुरमुऱ्यात चिंचेचं पाणी कालवत राहिली,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

"पन्नास," घोडेवाला म्हणाला.
"दोघं बसली तर?"
त्यानं पोरांकडं बघितलं, मग माझ्या चपलांकडं.
"बसवा."
ती गेली. वळताना तेजलनं
दोन्ही हातांनी भावाला धरलं होतं, लगाम कुणीच नाही.
उतरली आणि मला म्हणाली,
"मी खोटं बोललो मघाशी. वास चांगला हाय त्याचा."
आमच्या पोरी 'बोललो'च म्हणतात.

परतताना गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशी उभ्या होत्या, चरव्या घेऊन माणसं.
धारेचं दूध, दोन पेले, चौघांत.
धैर्यशीलला फेसाच्या मिशा आल्या,
त्या त्यानं घरापर्यंत पुसू दिल्या नाहीत.
रात्री वैजूनं कॅलेंडरच्या मागं लिहिलं :
पाणी दहा, घोडा पन्नास, दूध साठ.
राहिले तीस.
घोड्यापुढं तिनं काहीतरी खाडाखोड केली.
मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात शाळेनंच नेलं पोरांना म्युझियम बघायला,
बुधवारी. रीतसर, उघड्या दारातून.
तेजल आली, दप्तर टेकवलं.
"न्हाई तिथं हत्ती. सगळं फिरून आलो.
मूर्ती हाईत, नाणी हाईत, तलवारी हाईत."
मी पोहे खात होतो, घास तोंडात तसाच.
ती जरा थांबली.
"तुमचं बरं होतं," म्हणाली.

धैर्यशील बूट काढत होता, गाठ सुटेना.
मान वर न करता म्हणाला,
"आज बुधवार हाय.
त्यो सोमवारी असतोय."