एकच आटा

आर्वीच्या बंद जिनिंगमागं टिनाचं शेड,
दारावर पाटी: नेवारे लाइट्स, घरगुती व दुकानी.
खाली बारीक अक्षरात: जोडा, सोडा, परत जोडा.
अक्षर माझं. बिलंही मीच लिहितो.

प्रमिला आयटीआयची वायरमन.
वर्गात एकोणचाळीस पोरं अन् ही एकटी,
सर हजेरी संपवताना म्हणायचे, "अन् बाई."

तिच्या दिव्याचा कुठलाही खांब
कुठल्याही घुमटाला बसतो.
पितळी कडं, ॲल्युमिनियमची तबकडी,
दुधी काचेचा गोळा, नारिंगी ॲक्रिलिकचा डोळा,
सगळ्यांना आटा एकच, पाऊण इंची.
फिरवत राहायचं, कट् म्हणेपर्यंत.
गोळा काढून तबकडी लावली की दवाखाना,
वर तीन कडी चढवली की सावजी हॉटेल.

नमुना कुठून आणला विचारलं
तर वही काढते. दोनशे पानी, कोपरे उंदरांनी नेलेले.
मोरेश्वर नेवारे, रेडिओ दुरुस्ती, १९७३.
पहिल्याच पानावर
"सन २००० मधील आपले गाव".
निळ्या शाईची घरं, अंड्यासारखी.
गल्लीत रॉकेटच्या बांध्याचे खांब.
हवेत मोटार, मोटारीत धोतरवाला,
मागच्या सीटवर बकरी.
अन् घराघरात छतावरून लोंबणारा
गोल, गोल, गोल उजेड,
कंपासनं काढलेला.
मधोमध टोक रुतल्याचं भोक अजून आहे.

सन दोन हजार आलं तेव्हा
लाइन अर्धा दिवस नसायची.
मोरेश्वर ओट्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा
अन् म्हणायचा, "येते, येते. रस्त्यात असंल."
लाइन, की आणखी काही,
कोणी विचारलं नाही.

परवा देवानंद ठवकर आला, सलूनवाला.
"तीन आरशे हायेत ताई.
लोकायले वाटलं पायजे,
आपण चंद्रावर दाढी करून राह्यलो."
प्रमिलानं टेप लावला, छत ठोकून पाहिलं,
तुळईला कान लावला.
आता तिथं नारिंगी तबकड्यांखाली
माना मागे टाकून बसतात
ट्रॅक्टरवाले, मास्तर, नवरदेव.
एका म्हाताऱ्यानं दाढी झाल्यावर सांगितलं,
"उतरव बाप्पा आता खाली,
मायी बस आहे साडेचारची."

तिच्या स्वतःच्या घरी मात्र
वायरच्या टोकाला उघडा होल्डर, पिवळा बल्ब.
"लोकायच्या घरी चंद्र, अन् आपल्या घरी झिरो,"
आई म्हणते, रोज नाही, पण म्हणते.

काल रात्री शेडातली मोडतोड गोळा केली तिनं.
पोचा पडलेली तबकडी,
तडकलेला गोळा, तड भिंतीकडे येईल असा,
दवाखान्यानं परत केलेलं एक कडं.
फिरवलं. कट्. कट्. कट्.

मग वही उघडून बराच वेळ काहीतरी शोधत बसली.
शेवटी म्हणाली, "बाबानं बटणच नाही काढलं.
सगळ्या वहीत एकही नाही."
उजेड विझवावा लागतो
हे त्याच्या डोक्यातच आलं नसेल,
किंवा त्याला ते मान्य नसेल.

पेन्सिल कानावरून काढून
तिनं भिंतीवर खूण केली, कमरेच्या उंचीला.
आईचा हात खांद्याच्या वर जात नाही.