पुढचा प्रश्न

दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात लिफ्ट आहे,
तरी कारखानीसबाई जिन्यानेच चढतात,
दर मजल्यावर थांबून एकेक जबानी पुटपुटत.
मी मागे. बगलेत फाइल, हातात त्यांचा डबा.
न्यायमंदिरातली कबुतरं, त्या म्हणतात,
उलटतपासाकडे जास्त लक्ष द्यायची
हल्लीच्या न्यायाधीशांपेक्षा.

आरोपी रायसिंग राठवा, मूळचा कवांटकडचा,
मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात हमाल.
माल: तांब्याची तार, अठरा किलो चारशे ग्रॅम.
जबाब गुजरातीत, अक्षर वळणदार,
शेवटी 'वाचून, समजून, खरा आहे म्हणून'
आणि त्याखाली
अंगठा.

मला वाटलं, बाई अंगठ्यावर तुटून पडतील.
"ते सगळेच करतात," म्हणाल्या,
"साहेबांचे कान किटलेत त्याला."
रात्री दांडिया बाजारातल्या घरी
त्या पंचनामा वाचत बसल्या,
वाण्याचं बिल तपासावं तसा,
आणि तारखेखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली.
रेघ मी पाहिली. अर्थ लागला नाही.

पंच क्रमांक दोन, नटुभाई पढियार.
इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर पाठांतर.
हो, माल माझ्यासमोर मोजला.
मगनभाईच्या किराणा दुकानात, त्यांच्या काट्यावर.
दुकान उघडं होतं?
होतं तर. गिऱ्हाईकसुद्धा होतं.
सकाळचे साडेअकरा.
बाई चष्मा पुसत राहिल्या.
सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं.

मग शेजारणीच्या सुरात,
जणू कोथिंबिरीचा भाव विचारतायत:
"नटुभाई, पतंग उडवता का हो?"
हरकत.
साहेबांच्या तर्जनीवर मांज्याचा जुना व्रण आहे,
मी एकदा सही करताना पाहिला होता.
"विचारू द्या," ते म्हणाले.

नटुभाई फुलले. हे पाठांतरात नव्हतं.
"बेन, उत्तरायणाला मी उजाडता धाब्यावर चढतो,
दिवे लागेपर्यंत खाली उतरत नाही.
जेवण वर. चहा वर."
"गेल्या वर्षीसुद्धा?"
"गेल्या वर्षी तर सतरा कापले!"

पंचनाम्याची तारीख, गेल्या वर्षीची,
चौदा जानेवारी.

अख्ख्या बडोद्यात त्या दिवशी
कुठला वाणी गल्ल्यावर बसतो?
रस्त्यावरची कुत्रीसुद्धा मान वर करून असतात.
पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता,
मग दुकानात कधी गेलात, नटुभाई?
बाईंनी माझ्याकडे न बघता
टेबलाखाली माझ्या बुटावर चप्पल दाबली.
"एवढंच, साहेब."
आणि खाली बसल्या.

जिन्यात म्हणाल्या,
"तू विचारलं असतंस, तर त्याला उत्तर सुचलं असतं.
कोंडीत सापडलं की मठ्ठ माणूसही हुशार होतो.
तो प्रश्न साहेबांना पडू दे,
घरी, अंघोळ करताना."

डबा उघडला. वांग्याची भाजी, भात.
तार त्याने घेतली होती का, बाई?
भात कालवता कालवता
त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ दे."

निकाल गुरुवारी लागला. पंखा बंद पडला होता,
साहेबांनी भरभर वाचलं.
संशयाचा फायदा.
रायसिंग पिंजऱ्यात हात जोडून,
सात महिने तुरुंग आणि मग चौदा तारखा
ज्या हातांनी जोडले त्याच.
मगनभाईचं नाव आलं तेव्हा त्याने मान वर केली,
बाकीचं त्याच्या अंगावरून ओघळून गेलं.

बाहेर चहाच्या टपरीशी
तो माझ्याजवळ आला,
बसचं तिकीट घडी करून कानात खोवलेलं.
"साहेब, आता तारीख?"
संपलं, मी म्हटलं. आता यायचं नाही.
तो हसला. मान हलवली. गेला नाही.
चहा निवला,
बाई रिक्षात बसून हात हलवत होत्या,
आणि त्याने पुन्हा विचारलं, हळूच,
मला नीट ऐकू आलं नसेल असं समजून:
"तारीख?"