गोट

हिवाळ्यात दोंडाईच्याला
हवेलाच तिखट लागलेलं असतं.
मिरच्यांच्या पथाऱ्या गावाबाहेर,
शिंका माझ्या मशीनपाशी.
शिंक येताना सुई कापडात नसावी
एवढा एक नियम माझा स्वतःचा,
बाकीचे हुसनाबी पिंजारीचे.

गोट तिरपा काप, म्हणायची.
सरळ कापलेली पट्टी हट्टी असते,
कोपऱ्यावर अडून बसते.
चार बोटं रुंद. मधोमध दुमड.
इस्त्री ठेव, ओढू नको.
दोरा मेणातून काढ.
आणि सुरुवात कोपऱ्यात कधीच नको;
बाजूच्या मध्यावर कुठंतरी,
जिथं कुणी शोधणार नाही.

कोपरा आला की बोटभर अलीकडे थांबायचं.
हे थांबणं शिकायला मला दोन वर्षं लागली.
पाय पायट्यावर असला की थांबवत नाही.
मग पट्टी वर उचलायची, पुन्हा तिच्याच अंगावर
खाली आणायची. आत एक त्रिकोण दडतो.
मी तो चिमटून सपाट करायचे.
"बसू दे त्याले," हुसनाबी हातावर चापट मारी,
"त्यान्हामुळेच कोपराले टोक ऱ्हास."

पुढून मशीन चालेल. मागून हात.
मागची तुरपाई दिसत नाही म्हणून
लोक तिचे पैसे द्यायला कुरकुरतात.

नलूताई गिरासेंची गोधडी आली
ती पिशवीत नाही, मोटरसायकलच्या टाकीवर गुंडाळून.
काठ चारही बाजूंनी विरलेला,
आतून अंजिरी लुगडं, त्याच्या आत धोतर,
धोतराच्या आत आणखी काहीतरी फुलाफुलांचं.
"मायन्ही शे," त्या म्हणाल्या,
"फक्त गोट बदली दे."

रात्री उसवायला बसले.
ब्लेडनं टाका उचलायचा, दोरा ओढायचा नाही,
नाहीतर जुनं कापड सोबत येतं.
वीतभर उसवलं आणि हात थबकला.
टाके उलटे कलले होते.
माझे टाके कलतात त्याच्या बरोब्बर विरुद्ध,
सगळे, एकसारखे, बारीक,
वाऱ्यानं एका बाजूला झुकलेली ज्वारी जशी.
गोधडी फिरवून पाहिली. आरशात धरून पाहिली.
मग सुई डाव्या हातात घेतली
आणि कळलं.

वरच्या धावदोऱ्यात हे कुठंच नव्हतं.
धावदोरा कुठल्याही हाताचा सारखाच.
पण मागच्या बाजूला, गोटाच्या दुमडीत,
जिथं सासू बघत नाही, पंगत बघत नाही,
तिथं ही बाई
चारही बाजू
आपल्या हातानं शिवत गेली होती.

सकाळी फोनवर सहज विचारलं,
तुमच्या आई डावखुऱ्या होत्या का?
"नही वं! जेवणा हातनीच व्हती मन्ही माय.
आमना घरमा डावा हात चालेच ना."
मागं कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, बरं.

उसवलेली वीत परत जागेवर बसवली.
माझ्याच्यानं तिच्यासारखं होईना;
डाव्या हातानं चार टाके घातले,
चारही वेगळ्या दिशांना, दोनदा बोट टोचलं.
तेवढे राहू दिले.

मग नवा गोट कापला, सहा बोटं रुंद,
जुना पूर्ण पोटात घेईल असा.
काठ जाड झाला. सुईला अंगठा कमी पडला,
अंगुस्तान चढवलं.
कोपऱ्यांत थांबले. त्रिकोण बसू दिले.
शेवटी पट्टीची दोन टोकं समोरासमोर आली,
ती तिरपी जोडली, वर नख फिरवलं.

नलूताईंनी काठ चिमटीत धरून पाहिला.
"इतला जाडा का बरं?"
आतला काढला नाही, मी म्हटलं,
आधार राहतो.
"आणि पैसा?"
रुंद पट्टीला कापड जास्त लागतं.
वीस रुपये वाढले.

त्यांनी दिले, कुरकुरत,
गोधडी पुन्हा टाकीवर गुंडाळली,
आणि मला सटकन शिंक आली.
हातात सुई नव्हती.