आधी कोणतं

फैजपूरहून सावद्याला जाताना डाव्या हाताला
माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
एकतीस वर्षं जळालेल्या मोटरी उघडतोय.
केळीवाले काउंटरला टेकून एकच विचारतात,
‘लीलाधरभाऊ, बेअरिंग गेलं म्हणून कॉइल जळाली,
का कॉइल तापली म्हणून बेअरिंग गेलं?’
मी म्हणायचो, दोन्ही बदलून घे.

परवा तेच मी विचारलं
जळगावच्या डॉक्टरीणबाईंना.
पडद्यावर माझं हृदय, राखाडी.
वरचे कप्पे आवळत नव्हते, नुसते थरथरत होते,
एक फेज गेल्यावर मोटर गुरगुरते
पण फिरत नाही, तसे.
खालचा पंप अर्धाच भरलेला, तरी पळतोय,
पळून पळून सैल पडलाय.

बाई म्हणाल्या, ताल चुकला की पंप थकतो.
पंप थकला की रक्त मागे तुंबतं,
वरची भिंत ताणते,
ताणलेल्या भिंतीत करंट वाट चुकतो.
मग ताल आणखी चुकतो.
‘पण आधी कोणतं?’
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
‘कधीकधी कळत नाही, काका. दोन्हींवर औषध देऊ.’
मला हसू आलं. मग खोकला.

दिवसाला दीड लिटर पाणी.
कोकिळेनं बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा मारल्यात.
ज्यानं अख्ख्या शिवारात पाणी चढवलं
त्याला रेघा.
भरितात मीठ नाही, कळण्याच्या भाकरीतही नाही.
रोज सकाळी केळीच्या काट्यावर उभा राहतो,
दोन किलो वाढले तर फोन करायचा.
हमाल विचारतात, भाऊ, आज भाव काय?
नडगीवर अंगठा दाबला की खड्डा राहतो,
ओल्या वार्निशवर बोट पडल्यासारखा.

रात्री आडवं होववत नाही. तीन उशा.
कोकिळा झोपेतच विचारते, ‘कसं वाटू राह्यलं?’
काय सांगू.
दोन ठोके एकदम, मग काहीच नाही,
मग घाईघाईत पाच,
रात्री उशिरा लाइट यावी
आणि साऱ्या शिवारातले ऑटोस्टार्टर
मागेपुढे खटाखट पडावेत, तसे.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
रुबाब तडवी, बारा वर्षं माझ्या हाताखाली,
त्याला म्हटलं, ये, ऐक.
त्यानं सवयीनं लांब स्क्रूड्रायव्हर उचलला,
मूठ कानाला, टोक माझ्या बनियनवर,
डोळे मिटलेले, मी शिकवले तसे.
बराच वेळ ऐकत राहिला.
मोटर असती तर एव्हाना म्हणाला असता, खोला.
म्हणाला नाही.
गल्ल्यातून माझी दुपारची गोळी काढली,
घोटभर पाणी ओतलं
आणि बाटली उजेडात धरून
रेघ पाहिली.