निवण्याचा आलेख

एकसष्ट हजार सेकंद दुर्बीण त्याच्याकडे बघत होती,
म्हणजे सतरा तास, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे.
हाती आले तीनशे बारा फोटॉन.
त्यातले एकोणीस आजूबाजूच्या अंधाराचे, ते वजा.
दिवा गावात हळदीच्या पंगतीला
याहून जास्त पानं मांडतात.

ऐरोलीच्या पुलापासून पनवेलपर्यंत
सरळ दोरी धरली तर तेवढाच तो, या टोकापासून त्या टोकाला,
आणि वजनाला सूर्याच्या दीडपट.
शेजारच्या ताऱ्याचं ओरबाडून खात होता तेव्हा
सगळ्या दुर्बिणी त्याच्याकडे वळलेल्या.
मग घास बंद झाला. दुर्बिणीही पांगल्या.
आता यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं : शांत.

त्याचा उजेड इथवर पोचत नाही.
क्ष-किरण हवेतच विरतात, वर, फार वर;
गच्चीवर रात्रभर उताणी पडून राहिले
तरी एकही माझ्या अंगावर पडणार नाही.
म्हणून आरसे वर पाठवायचे,
आणि तेही समोर धरायचे नाहीत :
सरळ आलेला किरण आरशात घुसून संपतो.
निसटता यावा लागतो,
खाडीत पोरं खापरीने भाकऱ्या काढतात तसा,
पाण्याला जेमतेम लागून पुढे.

हे सगळं मी घरमालकांना सांगितलं
कारण त्यांनी विचारलं, रात्रभर लाइट का जळते.
बाळाराम मढवी. रबाळ्याच्या कारखान्यात
एकतीस वर्षं भट्टीवर.
त्यांनी आलेख हातात घेतला, आधी उलटा, मग सुलटा.
तीन ठिपके. खाणं थांबलं तेव्हाचा,
चार वर्षांनंतरचा,
आणि हा परवाचा.
पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट घसरत खाली आलं.
दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत
आडवं सरकलं, आणि थांबलं.

"यो निवत नाय आता."

नाही निवत, मी म्हटलं.
वरचं कवच निवून झालं. उरली ती गाभ्याची ऊब.
एवढंच लिहायला मला सहा पानं लागली होती.

मग म्हणाले, सोमवारी भट्टी विझवली,
कायमची. गुरुवारी हिशेबाला बोलावलं.
पत्रा गार. कुणी म्हणेल मेली.
पण दार उघडून विटांना पाठ लावली तर...
इथे ते थांबले.
खुर्चीला पाठ जरा टेकवून बघितली.
हापिसात रांग होती, सह्यांची,
म्हणून डबा भट्टीतच ठेवला. बोंबलाचं कालवण.
परत आले तर कोमट.
तिथेच बसून खाल्लं, एकट्याने,
आणि डबा तिथेच विसरला, तो नंतर मिळालाच नाही.
बायको अजून त्या डब्याचं काढते.

तिथे आता काचेची इमारत आहे, संगणकांचं कोठार,
आतलं काही तापू नये म्हणून
चोवीस तास पंखे.
माझे दोनशे त्र्याण्णव फोटॉन
कदाचित तिथेच कुठे ठेवलेले असतील.
मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

"मंग परत कवा बघनार त्याला?"

अर्ज करावा लागतो. मंडळी बसून ठरवतात.
शांत ताऱ्यांची पाळी शेवटी येते;
जो काही करत नाही
त्याच्याकडे सतरा तास कशाला बघायचं,
असं दरवेळी कुणीतरी शेऱ्यात लिहितंच.
मिळाला वेळ, तर चार वर्षांनी.

बहात्तर अधिक चार.
ही बेरीज आम्ही दोघांनीही केली असावी,
कारण दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो,
जिथे तिवरांपलीकडे ठाण्याचे दिवे होते
आणि आकाशात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

उठताना त्यांनी आलेख घडी न घालता
टेबलावर ठेवला, वर माझी वाटी, उडू नये म्हणून.
दारातून म्हणाले,
"लायटीचा मीटर येगला घेऊ तुला.
बघ तू."